वॉलेटमधले पैसे परत हवेत तेव्हा

31 जानेवारी 2024 ला, बुधवारी संध्याकाळी, रिझर्व्ह बँकेचं एक पत्रक आलं. पेटीएम पेमेंट्स बँकेने 29 फेब्रुवारीनंतर कोणत्याही ग्राहकाच्या खात्यात, वॉलेटमध्ये किंवा फास्टॅगमध्ये नवे पैसे घ्यायचे नाहीत, असा बँकिंग नियमन कायद्याच्या कलम 35अ खालचा तो आदेश होता. या बँकेला नवे ग्राहक घ्यायला मार्च 2022 मध्येच मनाई झाली होती. ऑक्टोबर 2023 मध्ये ग्राहकाची ओळख पटवण्याच्या, म्हणजे केवायसीच्या, नियमांसह इतर त्रुटींसाठी पाच कोटी एकोणचाळीस लाखांचा दंडही झाला होता. तरी हातात फोन घेऊन उभ्या असलेल्या साध्या ग्राहकाला यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्याला एवढंच कळलं की आपण आपल्याच हाताने ज्या ॲपमध्ये पैसे टाकले, तिथे उद्यापासून काहीतरी बंद होणार आहे.

मुदत पुढे 15 मार्चपर्यंत वाढली. 16 फेब्रुवारीला रिझर्व्ह बँकेने सविस्तर प्रश्नोत्तरं काढली आणि लोकांचा जीव थोडा भांड्यात पडला. असलेली शिल्लक कुठे जाणार नव्हती, ती वापरता किंवा काढता येणार होती. पण त्याच प्रश्नोत्तरांत दोन ओळी अशा होत्या की त्यांच्याकडे पुरेसं लक्ष गेलं नाही. पहिली म्हणजे, ज्यांचं वॉलेट किमान केवायसीवर चालतं, त्यांना त्यातली रक्कम फक्त दुकानदाराला देता येईल. दुसरी फास्टॅगबद्दल होती. जुन्या टॅगमधली शिल्लक नव्या टॅगमध्ये वळवण्याची सोयच त्या व्यवस्थेत नाही, त्यामुळे टॅग बंद करून बँकेकडे परताव्याची मागणी करावी लागेल.

आपलेच पैसे. भरताना काही सेकंद लागले होते. परत घेताना मात्र आधी आपण कोणत्या प्रकारचे ग्राहक आहोत हे तपासावं लागलं. ॲपमध्ये पैसे टाकण्याच्या सवयीतला खरा प्रश्न हाच आहे, आणि तो एका कंपनीपुरता कधीच नव्हता.

मुंबईतल्या अँटॉप हिलसारख्या वस्तीत तो फार स्पष्ट दिसतो. इथे सीजीएस कॉलनीत केंद्र सरकारचे कर्मचारी राहतात. त्यांचा पगार महिन्याच्या महिन्याला बँकेत जमा होतो आणि पासबुक भरून घेण्याची सवय अजून सुटलेली नाही. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर कोकरी आगार, संगम नगर आहे. रोजंदारीवर, लहान कारखान्यांत, घरकामावर जगणारी कुटुंबं तिथे आहेत आणि अनेकांच्या हातात पैसा दिवसाच्या हिशेबाने येतो. पलीकडे वडाळा ट्रक टर्मिनल, म्हणजे गाडीच्या काचेवर टॅग लावून राज्यभर फिरणाऱ्यांचा मुक्काम. गुरू तेग बहादूर नगर स्टेशनाबाहेर चहावाल्यापासून मोबाइल कव्हर विकणाऱ्यापर्यंत प्रत्येकाकडे क्यूआरचा चौकोन आहे. या सगळ्यांकडे फोन आहे, फोनमध्ये ॲप आहे, आणि ॲपमध्ये 'पैसे भरा' हे बटण आहे. बटण एकच असलं, तरी ते दाबल्यावर प्रत्येकाच्या पैशाचं जे होतं ते सारखं नसतं.

आधी एक गल्लत दूर केली पाहिजे, कारण बरीच भीती आणि बराच निष्काळजीपणा तिच्यातूनच येतो. यूपीआयने दहा रुपयांचा वडापाव घेतला, तर ते दहा रुपये शेवटच्या क्षणापर्यंत आपल्या बँक खात्यातच असतात. ॲप फक्त निरोप पोहोचवतं. ॲप उद्या बंद पडलं तर दुसरं घ्यायचं, खात्याला धक्का लागत नाही. वॉलेटचं तसं नाही. वॉलेटमध्ये पाचशे रुपये टाकले की ते आपल्या बँक खात्यातून निघून जातात आणि कंपनीने आपल्या नावावर मांडलेला एक आकडा मागे उरतो. कायद्याच्या भाषेत ते आगाऊ भरणा केलेलं साधन आहे, ठेव नव्हे. अडचण अशी की बहुतेक ॲपमध्ये दोन्ही गोष्टी एकाच पडद्यावर, एकाच रंगात, एकमेकांखाली दिसतात. 'बँक शिल्लक' आणि 'वॉलेट शिल्लक' यांत नेमका काय फरक, हे तिथे कुठेच लिहिलेलं नसतं. 2024 च्या फेब्रुवारीत यूपीआय बंद पडणार अशी जी घबराट पसरली, तिचं मूळ इथेच होतं.

ही सवय लागली कशी, तेही आठवायला हवं. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या. त्याआधी एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते मुंबईतच यूपीआयचा प्रारंभ झाला होता, बँकांची ॲप ऑगस्टअखेर येऊ लागली होती, पण लोकांपर्यंत ती पोहोचायची होती. हाताशी होतं ते वॉलेट. नोव्हेंबरमध्येच रिझर्व्ह बँकेने किमान तपशिलावर उघडलेल्या वॉलेटची मर्यादा दहा हजारांवरून वीस हजारांवर नेली. एटीएमच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा ज्याच्याकडे डेबिट कार्ड होतं त्याने वॉलेट भरून घेतलं, आणि त्याच्याकडून पैसे घ्यायचे म्हणून भाजीवाल्याने क्यूआर लावला. त्या दिवसांत वॉलेटने सामान्य माणसाचा गाडा चालता ठेवला, हे मान्यच करायला हवं. आज मात्र ती निकड उरलेली नाही. ऑगस्ट 2025 मध्ये एका महिन्यात यूपीआयवर दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. बँक खात्यातून थेट पैसे देणं इतकं सोपं झालेलं असताना, ते आधी दुसऱ्या कप्प्यात नेऊन ठेवायचे कशाला?

या प्रश्नाचं उत्तर ग्राहकाच्या सोयीपेक्षा कंपन्यांच्या हिशेबात जास्त सापडतं. 1 जानेवारी 2020 पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. म्हणजे कोटीच्या कोटी व्यवहार हाताळूनही त्यातून ॲपला थेट कमाई नाही. वॉलेटवर ती आहे. 1 एप्रिल 2023 पासून वॉलेटमधून यूपीआयमार्फत दुकानदाराला दोन हजारांहून मोठी रक्कम दिली, तर 1.1 टक्क्यापर्यंत आंतरबँक शुल्क लागू झालं. ते ग्राहकाच्या खिशातून जात नाही, हे त्या वेळी यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने स्पष्ट केलं होतं आणि ते बरोबरच आहे. पण ॲपला आपण बँक खात्याऐवजी वॉलेटमधून पैसे द्यावेत असं का वाटतं, ते या एका आकड्यावरून समजतं. कॅशबॅक, बक्षिसाचे गुण, 'एक हजार भरा' असा आधीच निवडून ठेवलेला आकडा, हे सगळं त्या दिशेने लावलेलं आहे.

दुसरी गोष्ट व्याजाची. वॉलेटच्या शिलकीवर ग्राहकाला व्याज देता येत नाही, तसा नियमच आहे. बँक नसलेल्या कंपनीने लोकांची शिल्लक एखाद्या शेड्यूल्ड व्यापारी बँकेतल्या एस्क्रो खात्यात ठेवायची असते, म्हणजे ते पैसे कंपनीला आपल्या खर्चासाठी वापरता येत नाहीत. ही तरतूद चांगली आहे आणि तिनेच आजवर ग्राहकाला मोठं संरक्षण दिलं. मात्र त्याच नियमांत आणखी एक कलम आहे. वर्षभर, म्हणजे सव्वीस पंधरवडे, त्या खात्यात किमान किती रक्कम पडून राहिली याची सरासरी काढायची, आणि तेवढ्या गाभ्याच्या रकमेवर कंपनीला बँकेकडून व्याज घेता येतं. पैसे ग्राहकांचे, व्याज कंपनीचं. एका माणसापुरतं पाहिलं तर रक्कम क्षुल्लक आहे. स्टेट बँकेच्या बचत खात्याचा दर जून 2025 पासून 2.5 टक्के आहे, म्हणजे वॉलेटमध्ये वर्षभर पडलेल्या दोन हजारांवर पन्नास रुपये. संगम नगरातल्या एका घराचं त्यावाचून अडणार नाही. पण अशा लाखो घरांचे दोन-दोन हजार एकत्र झाले, की हिशेब अगदी वेगळा होतो, आणि त्या हिशेबात त्या घरांना काहीच वाटा नाही हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

विम्याचा मुद्दा याहून गंभीर आहे, आणि तो मध्य मुंबईत कुणाला समजावून सांगावा लागू नये. सायनमधून 1984 मध्ये सुरू झालेली पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक सप्टेंबर 2019 मध्ये अडचणीत आली, तेव्हा खातेदारांना सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. ती टप्प्याटप्प्याने वाढत गेली, आणि जानेवारी 2022 मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. प्रभादेवीला मुख्यालय असलेली न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक तर कामगारांची बँक म्हणून जॉर्ज फर्नांडिस यांच्या पुढाकाराने 1968 मध्ये उभी राहिलेली. 13 फेब्रुवारी 2025 ला तिच्यावर निर्बंध आले आणि पहिले काही दिवस एक रुपयाही काढता येत नव्हता. पुढे पंचवीस हजारांची मुभा मिळाली, आणि ऑगस्ट 2025 मध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली.

या दोन्ही प्रसंगांत लोकांचे हाल झाले, यात शंका नाही. पण त्यांच्या पाठीशी एक कायदा होता. ठेव विमा महामंडळ बँकेतल्या ठेवीला संरक्षण देतं, फेब्रुवारी 2020 पासून त्याची मर्यादा एका खातेदाराला पाच लाख रुपये आहे, आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर निर्बंध आल्यावर नव्वद दिवसांत रक्कम देण्याचं बंधन आहे. बँक नसलेल्या कंपनीच्या वॉलेटमधल्या पैशांना हा विमा नाही. पूर्ण केवायसी केलेल्या वॉलेटमध्ये दोन लाखांपर्यंत शिल्लक ठेवता येते. म्हणजे एखाद्या रोजंदार कुटुंबाची दोन-तीन वर्षांची बचत कायदेशीरपणे अशा जागी जाऊ शकते, जिथे एस्क्रोचा आधार आहे, पण विम्याचा नाही. सहकारी बँकांचे अनुभव घेतलेल्या शहराने हा फरक पैसे भरण्याआधी विचारला पाहिजे, आणि ॲपने तो विचारण्याआधीच सांगितला पाहिजे.

वॉलेट बंद होण्याचे प्रसंगही नवे नाहीत. स्टेट बँकेचं 'बडी' नावाचं वॉलेट 2015 मध्ये आलं आणि 30 नोव्हेंबर 2018 ला बंद झालं. व्होडाफोनच्या एम-पेसाने वॉलेट चालवण्याच्या परवानगीचं प्रमाणपत्र स्वतःहून परत केलं, तेव्हा ग्राहकांना दावा सांगायला रिझर्व्ह बँकेने तीन वर्षांची मुदत दिली. पैसे बुडाले असं या प्रकरणांत म्हणता येणार नाही. पण ज्याने फोन बदलला, ज्याचं सिम हरवलं, जो गावी निघून गेला, त्याच्या दीडशे-दोनशे रुपयांसाठी दावा कोण दाखल करणार? नियमाप्रमाणे वॉलेटची वैधता शेवटच्या भरण्यापासून किमान एक वर्ष असते आणि संपण्याआधीच्या पंचेचाळीस दिवसांत कंपनीने ग्राहकाला सावध करायचं असतं. हे सावध करणं ज्या मोबाइल नंबरवर होतं, तो नंबरच स्वस्त प्लॅनच्या शोधात दर वर्षी बदलणाऱ्या कामगाराकडे राहत नाही.

आता बाहेर पडण्याच्या वाटेबद्दल. मोबाइल नंबर, ओटीपी आणि ओळखपत्राचा क्रमांक एवढ्यावर उघडलेल्या छोट्या वॉलेटमध्ये महिन्याला दहा हजारांपर्यंत रक्कम भरता येते, पण वॉलेट चालू ठेवून तिथून ती बँकेत परत पाठवता येत नाही. खर्च करा, केवायसी पूर्ण करा किंवा वॉलेटच बंद करा. भेटवस्तू म्हणून मिळणाऱ्या ॲपच्या गिफ्ट कार्डातली रक्कमही रोख होत नाही. प्रवासाच्या कार्डांना 23 फेब्रुवारी 2024 पासून केवायसीशिवाय परवानगी मिळाली. तीन हजारांपर्यंत शिल्लक, वैधता कायमची, पण रोख काढणं नाही, परतावा नाही, दुसरीकडे वळवणं नाही. प्रवासापुरतं कार्ड म्हणून ही रचना समजण्यासारखी आहे. रोजचा प्रवासी आठवड्याभरात शे-दोनशे रुपये वापरून टाकतो. तरी त्यात किती ठेवायचे, याचा विचार मात्र सेवा चालू राहण्याच्या भरवशावर करावा लागतो. तो भरवसा किती धरायचा, हे अँटॉप हिलला ठाऊक आहे. इथून मोनोरेल मार्च 2019 मध्ये सुरू झाली आणि 20 सप्टेंबर 2025 पासून तिची सेवा सुधारणांसाठी थांबवण्यात आली.

ट्रक टर्मिनलवरच्या माणसाची गोष्ट आणखी वेगळी आहे, कारण त्याला निवडच नाही. मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवरचा टोल ऑक्टोबर 2024 मध्ये हलक्या वाहनांना माफ झाला. ट्रकला तो द्यावाच लागतो, आणि 1 एप्रिल 2025 पासून महाराष्ट्रातल्या टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा आहे. टॅग नसेल तर दुप्पट, असं तेव्हा ठरलं. म्हणजे कायद्यानेच या माणसाला आपले पैसे आधी टॅगच्या शिलकीत टाकायला लावले आहेत. त्यात फेब्रुवारी 2025 पासून नवा नियम आला. टॅग नाक्यावर वाचला जाण्याआधी शिल्लक संपल्याने किंवा अन्य कारणाने एक तासाहून अधिक काळ काळ्या यादीत असेल आणि वाचल्यानंतर दहा मिनिटांतही तो सुरू झाला नाही, तर व्यवहार नाकारला जातो. शिल्लक संपली आहे हे वाशीच्या रांगेत कळून उपयोग नाही, ते वडाळ्याहून निघतानाच पाहिलं पाहिजे. मागे गाड्यांचे भोंगे वाजत असताना, घामेजल्या बोटांनी, उन्हात न दिसणाऱ्या पडद्यावर रिचार्ज मारणाऱ्या ड्रायव्हरकडे पाहिलं की 'आगाऊ भरणा' या दोन शब्दांचा अर्थ नीट समजतो. शिल्लक कमी पडू नये म्हणून तो गरजेपेक्षा जास्त भरून ठेवतो. चार गाड्यांच्या मालकाचे काही हजार रुपये असे कायम अडकलेले असतात. जिथे भरणा सक्तीचा आहे, तिथे एका बँकेच्या टॅगमधून दुसऱ्या बँकेच्या टॅगमध्ये शिल्लक वळवता येऊ नये, हे समर्थनीय नाही. मोबाइल नंबर कायम ठेवून कंपनी बदलता येते, तर टॅगच्या शिलकीला ते का जमू नये?

सगळीच आगाऊ शिल्लक वाईट, असं म्हणणं मात्र चुकीचं ठरेल. रेल्वेचं आर-वॉलेट घ्या. हार्बर लोकलने रोज जाणारा माणूस त्यात पैसे भरतो, ते पैसे रेल्वेच्या तिकिटाखेरीज कशालाच चालत नाहीत, पण त्या बदल्यात रेल्वे तीन टक्क्यांचा लाभ देते आणि खिडकीवरची रांग वाचते. बंधन आहे, त्याचा मोबदलाही आहे, आणि दोन्ही गोष्टी आधी कळतात. व्यवहार म्हणून हे स्वच्छ आहे.

यूपीआय लाइट हे दुसरं चांगलं उदाहरण. सप्टेंबर 2022 मध्ये मुंबईतच त्याची सुरुवात झाली. आता त्यात एका वेळी पाच हजारांपर्यंत ठेवता येतात आणि एका व्यवहारात हजारापर्यंत पिनशिवाय देता येतात. सीजीएस कॉलनीतल्या ज्या कर्मचाऱ्याचं पासबुक चहा, पेपर, कोथिंबीर, बसचं तिकीट अशा दहा-दहा रुपयांच्या नोंदींनी भरून वाहत होतं, त्याच्या पासबुकात आता आठवड्याला एकच नोंद दिसते. रोजच्या बारीक खर्चावर एक मर्यादाही आपोआप पडते. तरी यातही पिन नाही, म्हणजे ॲप उघडलेला फोन ज्याच्या हाती पडेल त्याला ते पैसे वापरता येतात. फोन बदलण्याआधी लाइट बंद करून शिल्लक खात्यात परत घ्यावी लागते, नाहीतर पुढे बँकेकडे खेटे घालावे लागतात. लाइट बंद न करताही हवी तेव्हा शिल्लक खात्यात परत घेता यावी, यासाठी एनपीसीआयने बँका आणि ॲपना 31 मार्च 2025 ची मुदत दिली होती. म्हणजे भरण्याची वाट आधी आली, काढण्याची सरळ वाट अडीच वर्षांनी. सर्वांत विचारपूर्वक बांधलेल्या व्यवस्थेतही क्रम हाच.

घरातल्या दुसऱ्या माणसाला खर्चाला पैसे द्यायचे म्हणून वॉलेट भरून देण्याची पद्धतही बरीच आहे. आईच्या फोनमध्ये मुलगा पाचशे टाकतो, कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या फोनमध्ये वडील हजार टाकतात. ऑगस्ट 2024 मध्ये आलेल्या यूपीआय सर्कलने यासाठी बरा पर्याय दिला आहे. पैसे खातेदाराच्या बँकेतच राहतात आणि घरातल्या व्यक्तीला ठरवलेल्या मर्यादेत, महिन्याला जास्तीत जास्त पंधरा हजारांपर्यंत, आपल्या फोनवरून ते देता येतात. वॉलेटपेक्षा हे नक्कीच सुरक्षित आहे, आणि तरी अजून फार कमी घरांत त्याची माहिती आहे.

फसवणुकीचा धागाही या शिलकीशी बांधलेला आहे. 'तुमचं वॉलेट आज रात्री बंद होणार, केवायसी पूर्ण करा' हा फोन मुंबईत गेली कित्येक वर्षं फिरतो आहे. फेब्रुवारी 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेला एनीडेस्कसारख्या दुरून फोन चालवणाऱ्या ॲपबद्दल बँकांना इशारा द्यावा लागला. ही थाप चालते, कारण ती अर्धी खरी असते. किमान केवायसीच्या काही वॉलेटांत मुदतीनंतर खरोखरच नवे पैसे भरता येत नाहीत, केवायसी खरोखरच मागितलं जातं, आणि आपले पैसे अडकतील ही भीती खरोखरच निराधार नाही. बाहेर पडण्याची वाट सरळ असती, तर त्या भीतीवर धंदा करणाऱ्यांचं निम्मं भांडवल संपलं असतं.

अशी फसवणूक झालीच, तर दोन-तीन गोष्टी माहीत असाव्यात. बँक नसलेल्या कंपनीच्या वॉलेटमधून आपल्या चुकीशिवाय, तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि आपण तीन दिवसांत कळवलं, तर जानेवारी 2019 च्या नियमाप्रमाणे नुकसान ग्राहकाच्या माथी येत नाही. चार ते सात दिवसांत कळवलं, तर ग्राहकाची जबाबदारी एका व्यवहारामागे जास्तीत जास्त दहा हजारांपुरती. मात्र पिन किंवा ओटीपी आपणच सांगितला असेल, तर कळवण्याआधीचं नुकसान आपलंच धरलं जातं. म्हणून सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या 1930 वर फोन पहिल्या तासात गेला पाहिजे. कंपनीने तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं. 14448 या क्रमांकावर त्याची माहिती मिळते. ॲपच्या मदत-विभागात यंत्राशी चार वेळा बोलून हताश झालेल्या बहुतेकांना हा लोकपाल वॉलेट कंपन्यांनाही लागू आहे, हेच माहीत नसतं.

27 डिसेंबर 2024 ला रिझर्व्ह बँकेने पूर्ण केवायसीचं वॉलेट कोणत्याही यूपीआय ॲपला जोडण्याची परवानगी दिली. त्यामुळे एका कंपनीचं वॉलेट त्याच कंपनीच्या ॲपमधून वापरण्याची सक्ती गेली. योग्य दिशेचं पाऊल आहे. पण याचा लाभ ज्यांचं केवायसी पूर्ण आहे त्यांना. कोकरी आगारातला भाडेकरू, ज्याच्या आधारवर अजून गावचा पत्ता आहे आणि ज्याचा जुना नंबर बंद झाला आहे, तो अजून पहिल्याच पायरीवर आहे. त्याने छोट्या वॉलेटमध्ये पैसे भरणं हा त्याच्यासाठी सर्वांत कमी कागदांचा मार्ग आहे, आणि बाहेर पडायला सर्वांत जास्त कागद त्यालाच लागतात.

रिझर्व्ह बँकेने इथे हात घालायला हवा, आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. पेमेंट व्यवस्थांच्या 2007 च्या कायद्याखाली वॉलेट कंपन्यांना निर्देश देण्याचे पुरेसे अधिकार तिच्याकडे आहेत. ज्या बँक खात्यातून पैसे आले, त्याच खात्यात, वॉलेट बंद न करताही, शिल्लक परत पाठवण्याची सोय केवायसीची पातळी न पाहता, विनाशुल्क आणि तितक्याच वेळात मिळाली पाहिजे. पैसे जिथून आले तिथेच परत जात असतील, तर काळा पैसा फिरवण्याची शंका घ्यायला फारशी जागा उरत नाही, आणि गिफ्ट कार्डांच्या बाबतीत मूळ खात्यात परत पाठवण्याची मुभा नियमांत आधीच आहे. 'पैसे भरा' या बटणाच्या शेजारीच, ग्राहकाने निवडलेल्या भाषेत, या रकमेवर व्याज नाही, ठेव विमा नाही आणि ती बँकेत परत नेता येईल की नाही, एवढं ठळक अक्षरांत लिहायला लावावं. मराठी निवडलेल्या ॲपमध्येही अटी उघडल्या की इंग्रजी सुरू होते, ते थांबलं पाहिजे. फास्टॅगची शिल्लक टॅगबरोबर बदलता आली पाहिजे. आणि एस्क्रोच्या गाभ्यावर कंपन्यांना जे व्याज मिळतं, त्याचा काही भाग ठेव विम्यासारख्या एखाद्या संरक्षण निधीत वळवावा. व्याज ज्यांच्या पैशांवर उभं राहिलं, विमा त्यांनाच मिळेल.

तोवर ज्याचा त्याने हिशेब घालावा. आठवड्याच्या चहा-भाजी-बसला जेवढे लागतात तेवढेच ॲपच्या शिलकीत असावेत. घरभाडं, फी, गावी पाठवायची रक्कम थेट बँक खात्यातून जावी. फोनमधली जुनी वॉलेटं एकदा उघडून पाहावीत. नोटाबंदीच्या धांदलीत उघडलेली, नंतर विसरलेली अशी दोन-तीन तरी बहुतेकांच्या नंबरवर निघतील. त्यांत पन्नास रुपये असोत की पाचशे, ते खर्च करून किंवा खात्यात परत घेऊन वॉलेट रीतसर बंद करावं, आणि बंद झाल्याचा संदेश जपून ठेवावा. नंबर बदलायचा असेल, तर हे काम जुनं सिम चालू असतानाच उरकावं, कारण बहुतेक ॲप ओटीपी पाठवतात तो जुन्याच नंबरवर.